दम्याच्या खटल्यात सापडलेली म्हैस

आमच्या भावकीत दम्यावर बोलायचा अधिकार माझा आहे. तो मला एका गाढविणीनं दिला.

लहानपणी आम्ही इंदापुरात राहायचो आणि मला दमा होता. बाकीची पोरं विटीदांडू खेळायची तेव्हा मी ओट्यावर बसून गुण मोजायचो. आकडा ओरडून सांगायलाही दम पुरायचा नाही, म्हणून बोटं दाखवायचो. वर्षातनं एकदा गल्लीत एक बाई गाढवीण घेऊन यायची, दारातच धार काढायची आणि बाटलीच्या टोपणानं दूध मोजून द्यायची. आई माझं नाक दाबून ते टोपण घशात रिकामं करायची. असं दरवर्षी व्हायचं आणि दरवर्षी दमा जिथल्या तिथं असायचा. चौदाव्या वर्षी मात्र चमत्कार झाला. टोपण पोटात गेलं आणि त्या हिवाळ्यात मला धाप लागलीच नाही. पुढच्याही हिवाळ्यात नाही. त्यानंतर कधीच नाही.

आईनं ही गोष्ट इतक्या लग्नांत, इतक्या बारशांत सांगितली की टोपणाची वाटी झाली आणि वाटीचा तांब्या झाला. अलीकडच्या आवृत्तीत मी थेट गाढविणीच्या कासेला लागलेलो आहे. कुणाच्याही पोराची छाती वाजायला लागली की मला फोन येतो. माझं बारामतीत ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे. एका कानाला गिऱ्हाईक आणि दुसऱ्या कानाला दमेकरी अशी मी बरीच वर्षं काढली, आणि दोघांनाही बहुधा एकच सल्ला दिला, की नळी तुंबली असेल तर मुळापासून शोधा.

मग माझ्याच घरात दमा आला, आणि तो बायकोला आला.

आम्ही राहतो जळोचीला. एका अंगाला नव्या सोसायट्या आणि दुसऱ्या अंगाला आमची भेंडी. घरात आई, बायको आणि मी. शिवाय त्या वेळी एक मांजर, पाचसहा कोंबड्या आणि एक म्हैस. म्हैस बायकोच्या माहेरची, पळसदेवची. भावानं दिली तेव्हा ती रेडकू होती. बायको माझ्याशी दिवसाकाठी जेवढं बोलते त्याच्यापेक्षा जास्त धारेच्या वेळी तिच्याशी बोलते. त्यातलं बरंचसं माझ्याबद्दल असावं असा माझा अंदाज आहे, कारण मी गोठ्यात पाय ठेवला की दोघीही गप्प होतात.

चाळिशी मागं पडली आणि बायकोला मधूनच धाप लागायला लागली. रोज नाही. तीन आठवडे ती भेंडीच्या पाट्या उचलेल, वरनं मला ढकलत नेईल. आणि अचानक एका सकाळी भाकरी थापता थापता थांबेल, चुलीच्या कट्ट्याला धरून उभी राहील, आणि छातीतनं जुन्या पेटीसारखा सूर निघेल. चारपाच दिवस असं चालायचं आणि मग जायचं. पहिल्यांदा एका दवाखान्यातनं ओढायचा निळा पंप आणला. पण मी तज्ज्ञ. मी सांगितलं, "पंपाची सवय लागती. लागलं तरच ओढ. आपण मूळ शोधू."

आधी मला अमावस्येचा संशय आला. दोन महिने ती बरोबर जुळली. तिसऱ्या महिन्यात धाप पौर्णिमेला आली आणि अमावस्या निर्दोष सुटली. मग मी घरातल्या वस्तूंकडे वळलो.

पहिल्यांदा सावरीच्या उश्या आणि जुन्या गोधड्या गेल्या. मी त्या स्वतः गाठोड्यात बांधून बाहेर काढल्या आणि तीन दिवसांत बायको ठणठणीत. आईनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला उगाच गाढवीण आठवली. पुढच्या महिन्यात धाप परत आली. म्हणजे उश्या साथीदार असतील, मुख्य आरोपी दुसराच. मी मांजराला पोत्यात घालून कळंबला बहिणीकडे सोडून आलो. तीन दिवसांत बायको ठणठणीत. त्याच्या पुढच्या खेपेला कोंबड्या पळसदेवला मेव्हण्याकडे गेल्या. मेव्हण्यानं त्या अंगणात सोडल्या की रश्शात, ते मी विचारलं नाही, पण तीन दिवसांत बायको पुन्हा ठणठणीत. माझा एकही उपाय फसत नव्हता. फक्त दमा जात नव्हता.

या यशात देवाचाही वाटा आहे असं माझं खासगी मत होतं. कारण प्रत्येक वेळी मी घरातनं काहीतरी हद्दपार केलं की लगेच एकदोन दिवसांत देवपूजा माझ्याकडे यायची. आमच्याकडे आईचा नियम आहे. बायकोला महिन्याची अडचण आली की चार दिवस तिनं देवघराला आणि लोणच्याच्या बरणीला शिवायचं नाही. बायकोची यावर तक्रार नाही. ती म्हणते, "तेवढंच चार दिस घंटा बडवायची सुटका." म्हणजे ते चार दिवस घंटा माझ्या हातात. मी पूजा सुरू केली की तिची धाप उतरायला लागायची. मी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण घंटा जरा जोरात वाजवायचो.

आणि मग म्हशीचा नंबर आला.

संशयाला जागा होती. बायको धार काढते, शेण काढते, कडब्याची कुट्टी करते. माझा हिशोब असा, की एवढं सगळं गेलं तरी दमा आहे, म्हणजे जे उरलंय त्यातच तो आहे. बायकोनं हा हिशोब शांतपणे ऐकला आणि म्हणाली, "उरलोय कोण, म्हैस आनि तुमी."

मी तो मुद्दा पुढं जाऊ दिला नाही. कळंबकडच्या एका म्हशीच्या व्यापाऱ्याला फोन लावला. वयानं मोठा माणूस, सगळे त्याला तात्याच म्हणतात. तो येऊन म्हैस बघून गेला, शिंगावरनं हात फिरवला, तिला गुळाचा खडा चारला, गोठ्याच्या खुंटीला आपलं नवं दावं अडकवून ठेवलं आणि म्हणाला, "मंगळवारी दुपारी पिकअप घिऊन येतो." आमच्याकडे व्यापाऱ्याचं दावं खुंटीला लागलं म्हणजे शब्द दिला असं धरतात.

त्या संध्याकाळी बायको जेवली नाही. रडलीही नाही. गोठ्यात बसून राहिली. उठून आली आणि दारातच सांगितलं, "मंगळवारी सकाळी मला बारामतीला छातीच्या डॉक्टरकडं न्यायचं. डॉक्टर म्हनली म्हशीनं दमा हुतो, तर मीच माझ्या हातानं तात्याच्या गाडीत चढवीन तिला. न्हाय म्हनली, तर पुन्ना ह्या घरातनं एक चिमणीबी बाहेर जायची न्हाय."

"अगं पण मी सांगतोय ना," मी म्हणालो.

"तुमी नळ्या इका."

मंगळवारी सकाळी तिला धाप होतीच. स्कूटरवर मागं बसून ती माझ्या पाठीवर सूर काढत होती आणि मी आरशात बघत गाडी चालवत होतो. खरं सांगायचं तर त्या रस्त्यावर मला म्हशीची अजिबात फिकीर नव्हती. हे जर म्हशीचं नसेल तर मग कशाचं, आणि आता माझ्याकडे काढून टाकायला काय उरलंय, हे काही केल्या सुचत नव्हतं.

डॉक्टरीणबाई मला मुलगी शोभावी अशा वयाच्या निघाल्या. त्यांनी बायकोची छाती तपासली, एका यंत्रात जोरात फुंकायला लावलं, औषध ओढायला देऊन थोड्या वेळानं पुन्हा फुंकायला लावलं. तोवर मी माझी सगळी कामगिरी सांगितली. उश्या, मांजर, कोंबड्या. गाढविणीचाही उल्लेख केला, अनुभव कळावा म्हणून.

"आणि प्रत्येक वेळी बरं वाटलं?" त्यांनी विचारलं.

"तीन दिवसांत," मी छाती पुढं काढून म्हणालो.

त्यांनी पेन खाली ठेवला आणि बायकोला विचारलं, "पाळीच्या आधी त्रास वाढतो का?"

मी पंख्याकडे पाहायला लागलो. पंखा चांगला होता, तीन पात्यांचा.

"तसं काय ध्यानात न्हाय," बायको म्हणाली. "आनि आता पाळीबी कुठं येळंवर येतीय. कवा लवकर, कवा महिना उलटून."

"म्हणूनच लक्षात येत नाही. आठवून बघा, धाप लागली की त्याच्यानंतर थोड्या दिवसांनी येते का?"

"मला धाप लागल्यावर धापंशिवाय काय आठवत न्हाय बगा."

आणि पंख्याकडे बघता बघता मला माझी मिशी जळाल्याचा वास आला.

खरा नव्हे, आठवणीतला. मांजराला कळंबला सोडून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी पूजा माझ्याकडे आली होती, आणि निरांजन लावायला वाकलो तेव्हा उजवी मिशी अर्धी पेटली होती. पुढं आठवडाभर दुकानात येणारा प्रत्येक माणूस माझ्याशी डोकं तिरकं करून बोलत होता. उश्यांच्या वेळी? उश्यांच्या वेळी घंटेच्या आतला लोळा निखळून नैवेद्याच्या दुधात पडला होता. आणि कोंबड्या गेल्या तेव्हा मी देवांच्या आंघोळीचं पाणी घाईत म्हशीच्या घमेल्यात ओतलं, त्यात बाळकृष्ण गेला. घरभर शोधाशोध झाली. म्हैस घमेल्यात नाक घालून उभी होती, पीत नव्हती, म्हणून सापडला.

"मॅडम," मी पंख्यालाच म्हणालो, "त्या दिवसांत पूजा माझ्याकडं असते."

"बरं?"

"आणि मांजर गेलं तेव्हा दुसऱ्या दिवशी माझी मिशी जळाली."

डॉक्टरीणबाईंनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं कपाळाला हात लावला. मग मी सगळं सांगितलं: घंटा, मिशी, बाळकृष्ण. तिन्ही खेपेला आधी धाप, मग माझी हद्दपारी, मग एकदोन दिवसांत पूजा, आणि पूजेच्या दिवसांत धाप उतरणीला. बोलता बोलता माझं मलाच कळत गेलं. मांजर गेलं नसतं तरी ती बरीच झाली असती. उश्या राहिल्या असत्या तरी. मी दर महिन्याला उतारावरच्या गाडीला मागनं ढकलून, गाडी मीच चालवतोय असं समजत होतो.

"यांनी तुमचं निदान केलं," डॉक्टरीणबाई हसत बायकोला म्हणाल्या. तिच्या चेहऱ्यावर हे काही पटलेलं दिसलं नाही.

मग त्यांनी समजावून सांगितलं. बाईच्या शरीरातली संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स, महिनाभर चढउतार करतात. पाळीच्या तोंडावर ती झपकन उतरतात. ज्यांना मुळात दमा आहे त्यांच्यातल्या काहीजणींची श्वासनळी त्या दिवसांत जास्त सुजते, जास्त चिडते. सगळ्यांचं असं होतं असं नाही, आणि का होतं ते पूर्ण उलगडलेलं नाही. पाळी जायच्या वयात हे चढउतार आणखी वेडेवाकडे होतात.

"म्हणजे ठिबकसारखे नळीत क्षार बसतात," मी म्हणालो. "ॲसिड मारून धुता येतं का?"

"नळीत काही बसत नाही. नळीच आतनं सुजते. त्यामुळं रोज सूज कमी ठेवणारा पंप घ्यायचा, बरं वाटत असलं तरी. निळा पंप जवळ ठेवायचा, धाप लागली तर. आणि त्या दिवसांच्या आसपास जास्त लक्ष द्यायचं, न जमलं तर सरळ इकडं यायचं."

"पण सवय—"

"भाकरीची पण आहे की सवय तुम्हाला."

बायको पहिल्यांदा हसली. मग ती खुर्चीत पुढं सरकली आणि तिनं तो प्रश्न विचारला ज्याच्यासाठी ती आली होती. "मॅडम, आनि म्हैस?"

"म्हैस काय?"

"म्हशीनं हुतो का? आज दुपारी तिला न्यायला येनारेत."

डॉक्टरीणबाईंनी जरा विचार केला. तोवर बायकोचा श्वास थांबला होता, आणि तो दम्यामुळं नव्हे. गोठ्यात गेल्यावर खोकला येतो का, त्यांनी विचारलं. न्हाय. धार काढताना? न्हाय. कुट्टी करताना?

"तवा येतो जरा. धुरळा उडतो."

"मग म्हैस राहू द्या. कुट्टी यांना करू द्या."

मी पुन्हा पंख्याकडे पाहिलं.

"मांजराबद्दल मात्र मी शपथ घेणार नाही," त्या म्हणाल्या, "मांजराच्या केसांनी काहींना त्रास होतो. ते सध्या कळंबलाच असू दे."

निघता निघता मी माझं उरलंसुरलं वाचवायचा प्रयत्न केला. म्हणालो, तरी पण गाढविणीच्या दुधानं माझा गेला, हे तर खरं. त्यांनी विचारलं, किती वर्षांचे होतात. मी चौदा सांगितलं. त्यांनी विचारलं, त्याच वर्षी आवाज फुटला का. मी नकळत मिशीला हात लावला. मिसरूड?

लहानपणी दमा मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये जास्त असतो, त्या म्हणाल्या. वयात येताना पुष्कळ मुलांचा कमी होतो, आणि तिथनं पुढं बायकांमध्ये जास्त दिसायला लागतो. पुरुषांचं संप्रेरक ही सूज दाबून धरत असावं असं मानतात. "तुमचं दूध त्या वेळी योगायोगानं हजर होतं, एवढंच."

"आनि म्हातारपनी मिशी पिकल्यावर?" बायकोनं आस्थेनं विचारलं.

"काहींना परत येतो. लक्ष ठेवा."

घरी आलो तर पिकअप दारात. तात्या ओट्यावर आईशी बोलत बसला होता आणि आई त्याला गाढवीण सांगत होती. गोष्ट तांब्यापर्यंत आलेली. बायको स्कूटरवरनं उतरली, सरळ गोठ्यात गेली, खुंटीवरचं नवं दावं काढून आणलं आणि तात्याच्या मांडीवर ठेवलं.

"तात्या, म्हैस न्हाय द्यायची."

"का वं? शबुद झालाय."

"डॉक्टर म्हनली म्हशीचा काय दोष न्हाय."

"मग कुनाचा हाय?"

बायको थांबली. ओट्यावर दोन म्हातारी माणसं, समोर मी. पाळी हा शब्द आमच्या ओट्यावर कधी उच्चारला गेला नव्हता. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "तात्या, बायकांच्या अंगात एक चढउतार असतो..."

"महिन्याचं म्हनतोस व्हय?" आई म्हणाली. "सरळ बोल की. मलाबी त्या दिसांत घुसमटायचं. पाळी गेली आनि थांबलं. मी म्हनलं सासू मेली म्हनून थांबलं."

तात्यानं टोपी काढून पुन्हा घातली. आईनं हे आधी का सांगितलं नाही, असं मी विचारलं. ती म्हणाली, "तुला कशाला सांगू? तू तज्ज्ञ."

मग मी तिला दुधाचं आणि मिसरुडाचं सांगितलं. हे मात्र तिला लागलं. तिनं बराच वेळ माझ्या मिशीकडे पाहिलं, एखादी नात्यातली बाई आहेर परत मागायला आल्यावर पाहावं तसं. "म्हंजी गाढवीण फुकटच?"

"फुकटच."

"आनि मी त्या बाईला दर वर्साला नवं लुगडं देत हुते." मग म्हणाली, "आपन हे भावकीत सांगायचं न्हाय."

तात्यानं म्हशीकडे एकदा बघून घेतलं. शब्द मोडल्याचा राग त्याला आला असावा, पण सासू, मिशी आणि गाढवीण असा पसारा बघून तो त्यात पडला नाही. दावं खांद्यावर टाकलं आणि म्हणाला, "गूळ खाल्ला तिनं माझा. असू द्या. पर एवढं लांबनं मोकळी गाडी न्यायची म्हंजी... हितनं काय न्यायचंच न्हाय का?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. "ह्यास्नी न्या की. कळंबला मांजराला सोबत हुईल."

तात्या इतका हसला की त्यालाच धाप लागली, आणि मी सवयीनं सल्ला द्यायला तोंड उघडलं, पण आईनं माझ्या दंडाला चिमटा काढला.

आता रोज सकाळी बायको रोजचा पंप ओढते, चूळ भरते आणि धारेला बसते. मी तिकडे तोंडाला तिची जुनी ओढणी बांधून कुट्टी करतो. परवा सकाळी छाती जरा जड वाटतीय म्हणाली. एरवी मी लगेच घरात नजर फिरवली असती, काय काढून टाकता येईल म्हणून. या वेळी ती फक्त म्हणाली, "उद्या-परवा देव तुमच्याकडं येतील असं वाटतंय. बाळकृष्ण मोजून घ्या." निळा पंप तिनं कमरेला खोचला होता. तो लागला एकदाच. घरातनं काहीही बाहेर गेलं नाही.

पूजेच्या दिवशी मी निरांजनापासून हातभर लांब बसलो. मिशी पिकत चाललीय आणि आता ती जपायला हवी. तरी देवांच्या आंघोळीचं पाणी मी घमेल्यात ओतलं, तेव्हा म्हशीनं आधी आत वाकून पाहिलं, नीट, सगळ्या बाजूंनी, आणि मगच प्यायली.